तांबडीचा माळ

आमच्या वाडीच्या वाचनालयाचं दरवर्षी एक हस्तलिखित निघतं. काशीला, गोव्याला, एकदा तर दुबईला जाऊन आलेल्यांनी लिहिलेलं मी त्यात वाचलंय. यंदा वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, "सुरेश, तू बीड जिल्ह्यात दोन आठवडे राहून आलास. तिकडे आपल्यातलं कोण जातं? लिही." मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, पण घाबरलो ते त्यामुळे नाही. तिथल्या माणसांनी मला जे दिलं आणि मी त्यांचं जे करून आलो, ते दोन्ही एकाच कागदावर मांडायचं म्हणजे हात चालत नव्हता. आता चालवतो.

मी आबांच्या गोठ्यात काम करतो. किनाऱ्यावर हॉटेलं वाढली, प्रत्येकाला पनीर हवं, तूप हवं, म्हणून आबांनी चार गायींच्या चौदा केल्या. सगळ्या जर्सी. गायी वाढल्या, पण त्यांच्या पुढ्यात टाकायचं काय? आपल्याकडे गवत पुरुषभर वाढतं खरं, पण दिवाळी सरली की त्याची नुसती काडी होते. भाताच्या पेंढ्याने पोट भरतं, दूध येत नाही. कुणीतरी आबांच्या कानात घातलं, की घाटावरचा ज्वारीचा कडबा आणा. कणीस खुडून घेतल्यावर ज्वारीची जी वाळलेली ताटं राहतात, तो कडबा. आबांनी चार ठिकाणी फोन करून वडवणीजवळचा एक शेतकरी गाठला आणि मला म्हणाले, "तू पुढे जा. काढणी चालू असताना समोर उभा राहा. ट्रक मागाहून पाठवतो."

फेब्रुवारी महिना होता. मी कोल्हापूरच्या पुढे कधी गेलो नव्हतो. बायकोने पिशवीत सुकी मासळी घातली, ती मी लाजेने वाटेत काढून एका माणसाला देऊन टाकली. परक्यांच्या घरी वास नको.

वडवणी

बीडहून एसटीने वडवणीला उतरलो तो आठवडी बाजाराचा दिवस होता. पहिल्यांदा जाणवलं ते आभाळ. आपल्याकडे आभाळ माडांच्या मधून तुकड्यातुकड्यांनी दिसतं. इथे ते सगळंच्या सगळं एकदम अंगावर आलं आणि मी उगाचच पिशवी छातीशी घट्ट धरली. बाजारात मिरचीचे ढीग, कांद्याचे ढीग, शेळ्यांचा कलकलाट. मी एका टपरीच्या आडोशाला उभा राहिलो, कुणाच्या वाटेत येऊ नये म्हणून.

धोतर नेसलेला, डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला एक काटक म्हातारा समोर येऊन उभा राहिला.

"तुमीच का कोकनातले सुरेशराव?"

मला जन्मात कुणी सुरेशराव म्हटलं नव्हतं. मी मागे वळून बघितलं.

"मागं कोन बगायलाव? तुमालाच म्हणलं."

"तुम्ही कसं ओळखलंत?"

"आख्ख्या बाजारात लेकरावानी पिशवी धरून उभा एकच मानूस दिसला."

हे तात्या. आबांनी कडबा ठरवला होता तो यांच्याकडून. त्यांच्यामागे पिकअप गाडीला टेकून त्यांचा मुलगा बालाजी उभा होता. तिशीचा, मोबाईल कानाला, पण मला बघताच फोन खिशात टाकून त्याने माझी पिशवी धरली. मी सोडेना, तो ओढेना, असे आम्ही क्षणभर उभे राहिलो आणि मग तिघेही हसलो.

गाव डोंगराच्या कडेला. आपले डोंगर हिरवे आणि ओले, हे डोंगर उघडे, दगडी, माथ्यावर सपाट. घरी बालाजीची बायको मीरा, त्यांची दोन मुलं. मी म्हणालो, मी कुठे लॉजवर राहतो, तुम्हाला त्रास नको. तात्या म्हणाले, "लॉज? आमच्या गावातलं लॉज म्हंजी आमची वसरी. हातरून टाकलंय." मीरावहिनींनी चुरमुऱ्यांचा सुशीला पुढे ठेवला, पोह्यासारखा असतो, पण चुरमुरे भिजवून केलेला, वर शेंगदाण्याचं कूट. मी दोनदा घेतला. तिसऱ्यांदा नको म्हणालो तर तात्या म्हणाले, "लाजायलाव कावून? इथं कोन मोजायलंय?"

माळ

दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाटलं, आता कडबा दाखवतील. तात्या मला भलतीकडेच घेऊन गेले. गावाच्या वरच्या अंगाला एक उतार होता, चार-पाच एकरांचा. आजूबाजूची सगळी रानं नांगरलेली, काळी. मधे हा एवढाच तुकडा पिवळा, गवताचा.

"हा आपला माळ," तात्या म्हणाले. ते आपला म्हणाले, म्हणून मी उगाच ताठ झालो.

त्यांनी खाली बसून मला गवतं दाखवली. हा पवन्या, हा मारवेल, ही कुसळी. कुसळीची ओळख मला आधीच झाली होती. तिची बारीक टोकं माझ्या मोज्यांतून आरपार गेली होती आणि पुढचे दोन दिवस मी ती वेचत होतो. आपल्याकडे गवत आपोआप येतं, त्याचं नाव कुणी विचारत नाही. वणवा लागला तर लागला. गुरंच उरली नाहीत, मग गवत असलं काय, नसलं काय. तात्यांना मी हे सांगितलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले. "उभं गवत जाळताव?" असं त्यांनी तीनदा विचारलं.

त्यांची रीत अशी: पावसाळाभर माळ बंद, एक शेळीसुद्धा सोडायची नाही. दिवाळीनंतर कापणी. कापायला जो विळा घेऊन येईल, त्याची जनावरं पुढे दोन महिने माळावर चरणार. त्यामुळे घरचा कडबा थेट उन्हाळ्यासाठी शिल्लक राहतो. पूर्वी सगळा उतार असाच होता म्हणे. मग सोयाबीन आलं.

"ज्वारी म्हंजी कसं, वरचं मानसाला, खालचं जनावराला," तात्या म्हणाले. "सोयाबीनचं वरचं जातंय कारखान्यात तेलाला, आन् पेंड जाती कोंबड्याला. खालचं भुसकट आमचं जनावर हुंगून सोडून देतंय. आता तुमीच सांगा, आमच्या घरात काय आलं?"

उतारावर एक गाय चरत होती. लाल कंधारी जातीची. आपल्याकडे पाऊस उघडल्यावर चिऱ्याची भिंत दिसते ना, तसा गडद तांबडा रंग. कान लांब, डोळे काजळ घातल्यासारखे. गाभण होती, पोट दोन्ही अंगांनी उतरलेलं. तात्यांनी "तांबडेऽ" अशी हाक मारली तर तिने मान वर न करता नुसता एक कान हलवला.

मी चौदा गायींत राहणारा माणूस. पण त्या चौदांची मला भीती वाटते, एखादी आजारी पडली तर आबा काय म्हणतील याची. या एकीजवळ मला कसलीच भीती वाटली नाही. तिने माझा हात चाटला. जीभ खरखरीत होती.

जेवताना खरी गोष्ट कळली. मीरावहिनींनी येसराची आमटी केली होती, भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची, दाट, तिखट. मला नाकातून पाणी आलं. बालाजी म्हणाला, "पाव्हणं, माळ बगितला का? कसा वाटला?"

"छान आहे."

"छानच हाय. पन छान खाता येतंय का?" तो तात्यांकडे न बघता बोलत होता. "गावात दुधाची गाडी यायली. लोकाला दूध पायजे, अंडी पायजे, चिकन पायजे. त्या माळात मका घेतली, हिरवीच कापून खड्ड्यात दाबून तिचा मुरघास केला, तर दोन जर्सी सुखानं बसतील. दोन लेकरं हायत मला. ही तांबडी दोन येळंला मिळून तांब्याभर दूध देती."

"दूध देती, शेन देती, आन् मागत काय न्हाई," तात्या म्हणाले.

"माळ मागती की! पाच एकर माळ खायली एकटी!"

"गप बे. पाव्हण्याला जेवू दे."

मग तात्यांनी मला समजावून सांगितलं, घरच्या माणसाला सांगावं तसं. बापलेकांत ठराव झाला होता. तांबडी मार्चात व्यायची होती. कालवड झाली, तर वंश पुढे चालला, माळ राहणार, बालाजी पुन्हा नाव काढणार नाही. खोंड झाला, तर तात्या तांबडीला आष्टीकडच्या भाच्याकडे पाठवणार आणि माळ बालाजीच्या हवाली. दोघांनी एकमेकांना तसा शब्द दिला होता. मला दोघांचंही पटत होतं. मी मुलांच्या ताटांकडे बघत बसलो. मुलं चपाती खात होती. भाकरी फक्त तात्यांच्या आणि माझ्या ताटात होती.

"पुन्या-मुंबईचे लोक आता भाकर मागायलेत म्हणं, डाक्टरनं सांगितलं म्हणून," तात्या म्हणाले. "आन् ज्वारीवाल्याच्या घरात चपाती."

काढणी

इथे ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. मला वाटलं, त्यात काय. पहिल्या दिवशी पाच सऱ्या होईपर्यंत माझी सगळी देवळं आठवून झाली होती. दोन्ही हातांनी ताट धरायचं, गुडघा टेकवायचा, हिसका द्यायचा. मीरावहिनी माझ्या पुढे दोन सऱ्या होत्या आणि वर फोनवर माहेरी बोलत होत्या. मला कुणी उपट म्हणालं नव्हतं, माझं काम नुसतं उभं राहायचं. पण त्यांच्या घरी दोन वेळा जेवायचं आणि बांधावर उभं राहून बघायचं, हे माझ्याने होईना.

"तुमच्याकडं काय उपटतेत?" एकदा बालाजीने विचारलं.

"भाताची रोपं. चिखलातून. अलगद येतात."

"मंग हे बी अलगदच धरताव तुमी. ज्वारीला गुदगुल्या व्हायल्यात."

सगळं रान हसलं. मीही हसलो. संध्याकाळी मीरावहिनींनी हळद-तेल दिलं. सहाव्या दिवशी तळहातांचे फोड फुटले, तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्या न्हाई यायचं रानात. घरीच बसा. दुपारी तांबडीला तेवढं पानी दावा, बास."

शुक्रवार

सगळी खालच्या रानात गेली. घराला लागूनच गोठा, त्याच्या मागे बोअर, आणि बोअरपाशी एक छोटा हिरवा तुकडा. जनावरांसाठी पेरलेली ज्वारी, तिला तिकडे कडवळ म्हणतात. महिन्यापूर्वी ती एकदा कापली होती. मग बोअर आटला. तरी बुडख्यांतून पुन्हा फुटवे आले होते, गुडघ्याएवढे, काळसर हिरवे.

दुपारी मी तांबडीला पाणी दाखवलं. ती गव्हाणीतला वाळका कडबा चघळत होती. मागे हिरवं उभं, आणि ही गाभण बाई वाळकं खातेय. काढणीच्या गडबडीत यांना कापायला वेळ झाला नसेल, असं मला वाटलं. सात दिवस मी या घरचं खात होतो. एवढं तरी करू.

हाताला फडकं गुंडाळलं, विळा घेतला आणि एक भारा कापून तिच्या पुढ्यात टाकला. कशी खाल्ली तिने! मान वर करायला तयार नव्हती. मी तिच्या गळ्याखाली खाजवत उभा राहिलो. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच मला आपण कुणाला तरी काही दिलं, असं वाटत होतं. मी अजून थोडं कापून आणलं.

पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. तिचा श्वास जोरात चालू लागला. तोंडाला फेस आला. मग मागचे पाय थरथरायला लागले. पोट फुगलं असेल म्हणून मी चोळायला लागलो. ती गुडघ्यांवर बसली. मी बालाजीला फोन लावला.

"काय खाल्लं तिनं?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"हिरवं. बोअरकडचं."

मग रानातल्या कुणाला तरी तो ओरडून म्हणाला, "किराळ लागली! तांबडीला किराळ लागली!"

ते दहा मिनिटांत आले. तात्यांनी गूळ पाण्यात कालवून बाटलीने तिच्या घशात ओतायला सुरुवात केली. बालाजी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावत होता. डॉक्टर दुसऱ्या गावी एका म्हशीकडे होते, तिथून तसेच मोटारसायकलवर निघाले. शेजारपाजार जमला. एक जण म्हणाला, "कावून बे बालाजी, पाव्हण्याला सांगितलं न्हाई व्हय? शेंबड्या पोराला ठावं असतंय."

"गप्प बसा!" मीरावहिनी ओरडल्या. "त्यांना काय ठावं? त्यांच्याकडं ज्वारी पिकती का?"

डॉक्टर आले तेव्हा तिने मान टाकली होती. सुई हातातच राहिली. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं, रागावले नाहीत. कापलेली ज्वारी पाण्यावाचून पुन्हा फुटली, की त्या कोवळ्या फुटव्यांत विष असतं. पुरतं वाळल्यावर ते उतरतं. म्हणूनच तात्यांनी ते तसंच ठेवलं होतं. वेळ झाला नाही म्हणून नव्हे.

गायीच्या पोटावर तात्यांचा हात होता. आत वासरू अजून हलत होतं. हलायचं थांबलं तरी त्यांनी हात काढला नाही.

मी भिंतीला लागून उभा होतो. बालाजी माझ्याकडे आला. मला वाटलं, मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तुमचं काय चुकलं न्हाई. सांगायला पायजे व्हतं आमी." आणि मग त्याचा चेहरा वाकडा झाला. "मी धाडायचं म्हणत व्हतो ओ तिला. असं न्हाई."

तिला माळावर पुरलं. बालाजीने जेसीबी बोलावला. खड्ड्यात मीठ टाकलं, तात्यांनी हळदकुंकू वाहिलं. परतताना ते म्हणाले, "या माळाच्या मातीत लोखंड शिरलं ते आज पयल्यांदा." मला म्हणाले नाहीत, कुणालाच नाही.

मी म्हणालो, "तात्या, मी आबांच्या पाया पडतो. एक वासरू घेऊन देतो."

"जर्सीचं?" ते म्हणाले. "त्याला ऊन लागंल हो माळावर."

रात्रीच्या जेवणाला मी नाही म्हणालो. मीरावहिनींनी ताट आणून समोर ठेवलं, बाकी कुणाला वाढायच्या आधी. "उपाशी झोपून ती परत येनार हाय का? खावा." मी खाल्लं. त्या घरची भाकरी मी त्या रात्रीही खाल्ली, हे मला अजून पचत नाही.

ट्रक

पाच दिवसांनी आबांचा ट्रक आला. रानातला कडबा चढवून झाला. मग तात्या गोठ्यामागच्या गंजीकडे गेले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "हे बी घ्या." ती तांबडीच्या उन्हाळ्याची बेगमी होती.

"तात्या, हा नको."

"कावून? ठिवून काय करू? उंदरं खातील." त्यांनी स्वतःच पहिली पेंढी उचलून वर फेकली. "तुमच्याकडं चौदा तोंडं हायत. न्या."

ठरावाबद्दल त्या पाच दिवसांत दोघांपैकी कुणी एक शब्द बोललं नव्हतं. कालवड झाली तर, खोंड झाला तर, यात गायच राहिली नाही तर काय, हे ठरलं नव्हतं. मी ट्रकमध्ये बसलो तेव्हा बालाजीने पिशवी आत दिली, आणि मीरावहिनींनी धपाट्यांचं गाठोडं. तात्या म्हणाले, "पोचल्यावर फोन करा. फिकर नका करू."

पोहोचल्याचा फोन केला. त्यानंतर पाऊस लागेपर्यंत केला नाही. रोज नंबर काढायचो आणि ठेवून द्यायचो. जुलैत एकदा धीर करून लावला. बालाजीने उचलला. आवाज मोकळा होता. "पाव्हणं! इसरले व्हते की आमाला. मका लई भारी आलीय. छातीएवढी."

कुठे आलीय, ते मी विचारलं नाही.

"तात्याला देतो," तो म्हणाला.

मी गोठ्यामागे उभा होतो. कडबा ठेवायची आमची पडवी पहिल्याच पावसात गळली होती. पेंढ्या आतून काळ्या पडल्या, त्यांना बुरशी धरली. आमच्या जर्सींनी त्यातली पानं ओढून ताटं आधीच बाजूला सारलेली. सकाळपासून चार वेळा ढकलगाडी भरून मी तो कडबा खताच्या खड्ड्यात ओतला होता. पाचवी समोर भरून उभी होती.

"सुरेशराव, बरं हाय का?" तात्यांचा आवाज. मग, "तुमच्या गायांनी कडबा खाल्ला का?"

"होय तात्या. आवडीने खाल्ला."

"टाकला न्हाई नव्हं?"

"नाही. काडीसुद्धा नाही."

"मंग बरं झालं," तात्या म्हणाले. "कुनाच्या तरी पोटात गेला."